उमेदवारी

मराठीच्या अध्यापकांना परिपत्रकांनी कोड्यात टाकणे ही काही नवी गोष्ट नाही. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी 'ऑन जॉब ट्रेनिंग' नावाचे चार श्रेयांकांचे प्रकरण दाखल झाले, तेव्हा आम्ही दोघे खरोखरच विचारात पडलो. आमच्यापैकी एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरी लातूरला. एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्याने कामावर जाऊन शिकायचे म्हणजे नेमके कुठे जायचे? वर्तमानपत्राचे जिल्हा कार्यालय, सार्वजनिक ग्रंथालय, आकाशवाणी केंद्र, एखादा छापखाना. एवढी चार नावे लिहून झाली आणि आमची यादी संपली.

यादीच्या वर शीर्षक काय द्यावे, यावरही आमचा बराच वेळ गेला. बी.एड.वाले आणि वैद्यकवाले 'आंतरवासिता' म्हणतात. तो शब्द उच्चारताना एखाद्या व्रतस्थ माणसाचा भास होतो. सरकारी योजनेत 'कार्य प्रशिक्षण' म्हणतात. त्यात कार्यही नाही आणि प्रशिक्षणही नाही असे वाटत राहते. शेवटी लातूरकर बाईंनी आपल्या आजोबांच्या तोंडचा शब्द काढला : उमेदवारी. 'मी तहसिलात दोन वर्षे उमेदवारी केली' असे आजोबा सांगत. म्हणजे बिनपगारी राबले, साहेबाच्या हाताखाली दप्तर शिकले, जागा निघण्याची वाट पाहिली. आता हा शब्द निवडणुकीने पळवून नेला आहे. उमेदवारी म्हटले की अर्ज, छाननी, बंडखोर आणि अनामत रक्कम डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दात मात्र उमेद होती. शिकणाऱ्याला जे आज मिळत नाही ते उद्या मिळेल, अशी उमेद. ती कुणी द्यायची, किती दिवस पुरवायची आणि तिची किंमत कुणी मोजायची, हे प्रश्न त्या शब्दाच्या पोटात होतेच.

हे सगळे आम्हाला इतके जवळचे वाटण्याचे कारण एक विद्यार्थिनी आहे. बी.ए.ला ती लातूरला आमच्या वर्गात होती आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाला नांदेडला. दुसऱ्या वर्षी तिने मराठी सोडले. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर, तिच्या वडिलांचे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, शोकसभेची पत्रके, गणेश मंडळांच्या पावत्या असे सर्व काही तिथे जुळवले जाते. ही मुलगी अक्षरओळख शिकली ती श्रीलिपीच्या पडद्यावर. वहीच्या मागच्या पानांवर ती अक्षरे काढीत बसे. एकच 'ळ' वीस तऱ्हांनी. बारावीला तिच्या सभोवतीची पोरे 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांना पळत असताना तिने कला शाखा घेतली, तेव्हा नातेवाइकांनी वडिलांची समजूत काढली होती म्हणे. पुढे ती पुण्याला अक्षररचना शिकली आणि शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेली. तिथल्या अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून चार महिने तिला एका फाँट घडवणाऱ्या स्टुडिओत काम करायचे होते.

त्या चार महिन्यांत तिने आम्हा दोघांना मिळून लांबच लांब ई-पत्रे लिहिली. ती मराठीत होती, आणि शुद्धलेखनाच्या चुका मोजण्याची आमची खोड तिला ठाऊक असल्याने ती फार जपून लिहिलेली होती. ती वाचताना आम्हाला वारंवार दोन माणसे आठवत राहिली. दोघेही लंडनला शिकायला गेले, दोघेही वयाने पोक्त होते, आणि दोघेही अशी विद्या शिकायला गेले की जिला स्वदेशी अद्याप जागाच नव्हती.

पहिले दादासाहेब फाळके. १९१२ च्या फेब्रुवारीत ते बोटीने निघाले, तेव्हा त्यांना बेचाळिसावे वर्ष चालू होते. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे अनेक धंदे करून झाले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण झाले होते. १९०९ साली छपाईची यंत्रे आणि रंगीत छपाईचे तंत्र यांसाठी जर्मनीची वारीही झाली होती. मग सिनेमाने झपाटले. चित्रपट पाहून पाहून आणि रात्रंदिवस प्रयोग करून डोळे अधू झाले, ते उपचारांनी बरे झाले. या वेळच्या प्रवासाला पैसा उभा केला तो विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. म्हणजे मरणोत्तर कुटुंबाला जे मिळायचे, ते आधीच गहाण टाकून हा गृहस्थ शिकायला निघाला.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कुणी नव्हते. ओळखीची होती ती एक पाटी. 'बायस्कोप' नावाचे साप्ताहिक ते मुंबईत नियमित वाचीत. पिकॅडिलीत हिंडताना त्याच साप्ताहिकाच्या कार्यालयाची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडात चित्रपट काढणाऱ्यांचीच धडगत नाही, हिंदुस्थानच्या हवेत काय टिकाव लागणार, असा तो सूर होता. फाळके हटले नाहीत, तेव्हा कॅबर्न यांनीच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्सकाठी वॉल्टन येथे हेपवर्थ यांचा स्टुडिओ होता. त्यांनी या अनोळखी हिंदी माणसाला स्टुडिओचे सर्व विभाग मोकळेपणाने दाखवले, कॅमेरा कसा चालतो ते समजावून दिले. हे शिक्षण काही आठवड्यांत आटोपले. एप्रिलच्या प्रारंभी फाळके मुंबईत परतले होते. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून झाली होती. प्रमाणपत्र कुणी दिले नाही, श्रेयांक कुणी मोजले नाहीत.

आम्हाला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो. यंत्रे आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण करून मिनिटभराचा चित्रपट सिद्ध केला. भांडवलदारांना पटवण्यासाठी केलेली ती खटपट होती. मग आला 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागलेला. या साऱ्या काळात कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम, तेही अंधारात, कोण करीत होते? सरस्वतीबाई फाळके. कंपनीतल्या माणसांच्या पंगतीचा स्वयंपाकही त्याच करीत. तारामती व्हायला एकही बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. म्हणजे वॉल्टनला एका माणसाने जे थोडक्या आठवड्यांत पाहिले, ते दादरच्या घरात त्याच्या पत्नीने, मुलांनी आणि आसपासच्या सटरफटर माणसांनी वर्षभर शिकून घेतले. सरस्वतीबाई लंडनला कधी गेल्या नाहीत. पण हेपवर्थकडच्या त्या उमेदवारीची पहिली विद्यार्थिनी कोण, असे विचारले तर आम्ही त्यांचेच नाव घेऊ.

दुसरे पु. ल. देशपांडे. १९५८ साली आकाशवाणीच्या सेवेत असताना ते टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी बी.बी.सी.त दाखल झाले. तेव्हा ते अडतीस-एकोणचाळीस वर्षांचे होते, लेखक आणि नाटककार म्हणून महाराष्ट्रात नाव झालेले होते. टेलिव्हिजनचा पडदा मात्र भारतात कुठेच नव्हता. दिल्लीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी. पु. लं.नी परतल्यावर दिल्लीच्या त्या नवजात केंद्रावर काम केले. पण आज कुणाला विचारले की त्या प्रशिक्षणातून काय निष्पन्न झाले, तर उत्तर येईल 'अपूर्वाई'. १९६० साली आलेल्या त्या पुस्तकाने मराठी माणसाला परदेश कसा पाहावा हे शिकवले. भारावून जाऊ नये, तुच्छही मानू नये. आपल्या घरचे डोळे घेऊनच सगळीकडे हिंडावे. टेलिव्हिजनची विद्या दिल्लीला मिळाली आणि तिच्याबरोबर फुकट आलेले पुस्तक मराठीला मिळाले. उमेदवारी कशाची करायची हे आधी ठरवता येते. पदरात काय पडेल ते ठरवता येत नाही.

या दोघांच्या कथा आम्ही तिला लिहून पाठवल्या होत्या. तिचे उत्तर आले ते थोडे कोरडे होते. 'सर, फाळक्यांनी आणि पु. लं.नी तिथे घरभाडे किती भरले, ते कुठे लिहिलेले आहे का?'

प्रश्न रास्त होता. तिच्या स्टुडिओत उमेदवारांना वेतन नव्हते. जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण तेवढे मिळे. पूर्व लंडनमधल्या एका घरात ती आणखी चौघींबरोबर राहत होती. शनिवार-रविवार एका दुकानात गल्ल्यावर बसायची. वडिलांना यातले काही सांगू नका, असे तिने आम्हाला बजावले होते. वडील लातूरला आले की बाईंना भेटत आणि एकच विचारीत, 'तिथं खायला-प्यायला नीट मिळतंय का, तेवढं इचारा मॅडम.'

बिनपगारी उमेदवारीचे समर्थन करणाऱ्यांकडे मोठी नावे नेहमीच तयार असतात. पुण्यात जन्मलेले आणि जे. जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे दाखल झाले, तेव्हा पहिले आठ महिने त्यांना पगार नव्हता. २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाल्यावर ही हकीकत कौतुकाने सांगितली गेली. परंतु जे आठ महिने काढू शकले नाहीत त्यांची हकीकत सांगायला कुणी उरत नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. त्या साडेअकरा पौंडांविना पुढचा इतिहास कसा घडला असता, याची कल्पना करून पाहावी. गुणवत्ता अंगची असते, प्रवासभाडे अंगचे नसते. फाळक्यांचे शिक्षणही ज्या कलाभवनात झाले ते याच सयाजीरावांच्या बडोद्यातले. मराठी माणसाच्या परदेशी उमेदवारीचा खर्च एकेकाळी एका संस्थानाने इतक्या डोळसपणे उचलला होता, हे आम्हा मराठवाड्यातल्यांना थोडे असूयेनेच आठवते. कारण आम्ही दुसऱ्या संस्थानात होतो.

आमच्या आजोबांच्या पिढीचे 'परदेशातले मोठे शहर' म्हणजे हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय आणि उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूर काय, निजामाच्या राज्यात होते. उच्च शिक्षणासाठी जायचे ते उस्मानिया विद्यापीठात. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते; विज्ञानाची, कायद्याची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग उघडला होता. एका भारतीय भाषेतून सर्व ज्ञान देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या पोराला तो परकाच होता. आमच्या घरांतली वडीलधारी माणसे गणित उर्दूत करीत आणि अभंग मराठीत म्हणत. मोठ्या शहरात आपली भाषा खोलीवर ठेवून बाहेर पडायचे असते, हा धडा मराठवाड्याने लंडन पाहण्याच्या फार आधी गिरवला आहे. औरंगाबादला विद्यापीठ आले १९५८ साली, आणि नांदेडला आमचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. तोवर प्रत्येक शिकणारा हा कुठल्या ना कुठल्या शहरातला उपराच होता.

म्हणूनच तिच्या पत्रांतली एक हकीकत आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. स्टुडिओत एका मोठ्या कंपनीच्या फोनसाठी देवनागरी फाँट घडत होता. तिच्याकडे काम होते ते जोडाक्षरांचे तक्ते तपासण्याचे. शेकडो जोडाक्षरे, प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्या अक्षराला नीट भिडते की नाही, काना कुठे अडतो, वेलांटी कुठवर पोचते. सहा आठवडे तिने हेच केले. एके दिवशी मराठी मजकुराचे चाचणीचे पान तिच्या हाती आले. त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, आणि 'आचाऱ्यांना' या शब्दाचे छापताना 'आचार्यांना' झाले होते. स्वयंपाक करणाऱ्यांना कुणीतरी एका फटक्यात विद्वान करून टाकले होते.

हे वाचून आम्ही हसलो, पण तिच्यासाठी तो क्षण सोपा नव्हता. स्टुडिओत देवनागरी जाणणारे लोक होते, मराठी जाणणारे कुणी नव्हते. चार महिन्यांच्या उमेदवाराने जुन्या जाणत्यांना चूक कशी दाखवायची? तिने दाखवली. फाँटात 'ल'-'श'ची दोन्ही रूपे होतीच, असे आढळले. मजकूर मराठी आहे ही खूण यंत्राला द्यायची राहून गेली होती. चंद्रकोरीच्या 'र'चे मात्र काम करावे लागणार होते. मराठी रूपांना अधिकृत आधार काय, असे तिला विचारण्यात आले. तिने रात्री आम्हाला कळवले आणि आम्ही महाराष्ट्र शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय धाडला. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी प्रमाण ठरवणारा. त्या निर्णयाचा जगात कुठे उपयोग होईल, असे तो निघाला तेव्हा आम्हाला वाटले नव्हते. वर्गात आम्ही तो वाचून दाखवतो तेव्हा मागच्या बाकांवर जांभया येतात. लंडनमध्ये मात्र तो वाचला गेला आणि पुढच्या पानावर आचारी पुन्हा आचारी झाले.

इथे उमेदवारीचा प्रवाह उलटा वाहिला, असे आम्हाला वाटते. फाळके वॉल्टनला गेले ते रिकाम्या हातांनी. जे शिकायचे ते सारे हेपवर्थकडे होते. आमच्या विद्यार्थिनीकडे असे काही होते जे त्या स्टुडिओकडे नव्हते, आणि ते तिला तहसील कचेरीसमोरच्या दुकानात मिळाले होते. शपथपत्रात नाव चुकले तर पक्षकार दुकानात येऊन भांडतो. 'दऱ्याखोऱ्या'तला 'ऱ्या' जुळेना म्हणून वडिलांनी मारलेल्या चकरा तिने लहानपणी पाहिल्या होत्या. ज्या ज्ञानाला तालुक्याच्या गावी पानामागे थोडे रुपये मिळतात, त्याच ज्ञानाची लंडनला नोंद घेतली जाते. ती नोंद बिनपगारी होती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

एका रविवारी आमच्या आग्रहावरून ती वॉटर्लूहून गाडी पकडून वॉल्टनला जाऊन आली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओची आज फारशी खूण नाही. वीजघराची इमारत पुढे नाट्यगृह झाली, तेवढे तिने पाहिले. परत आल्यावर तिने हेपवर्थ यांचे पुढे काय झाले ते शोधून आम्हाला कळवले. १९२४ साली त्यांची कंपनी बुडाली आणि देणी फेडण्यासाठी त्यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह वितळवण्यात आल्या. शिष्याची अखेरही सुखाची नव्हती. 'गंगावतरण' या १९३७ च्या चित्रपटानंतर फाळके बाजूला पडले आणि १९४४ साली नाशिकला विपन्नावस्थेत गेले. 'दोघांकडेही शेवटी काही राहिलं नाही,' असे तिने लिहिले होते. पुढे एवढेच होते : 'तरी शिकवलेलं तेवढं राहिलं.'

उमेदवारी संपता संपता स्टुडिओने तिला पगारावर राहण्याविषयी विचारले, आणि आमच्यात मतभेद झाला. आमच्यातले नांदेडकर म्हणाले, राहावे. इथे परत येऊन ती काय करील? मुंबईत आणि अहमदाबादेत देवनागरी फाँटांचे उत्तम काम चालते हे खरे, पण तेही तिच्या गावापासून तितकेच परके. दोन वर्षे हात घट्ट होऊ दे. लातूरकर बाई म्हणाल्या, यावे. मोठ्या शहराने एकदा माणूस ठेवून घेतला की ते त्याला परत करीत नाही; आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून पुण्या-मुंबईला गेलेल्या हुशार पोरांची गणती करा. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांना तिथेच राहून काम करण्याविषयी विचारणा झाली होती. ते राहिले नाहीत.

यावर नांदेडकरांचे उत्तर असे की, फाळक्यांना परतायला नाशिकला स्वतःची कंपनी होती, राबणारी माणसे होती. पु. लं.च्या मागे तर सरकारच होते. या मुलीच्या मागे काय आहे? आणि नरहर कुरुंदकर नांदेड न सोडता साऱ्या जगाविषयी लिहीत राहिले, असा दाखला बाईंनी दिला, तेव्हा नांदेडकर म्हणाले की कुरुंदकरांना पुस्तके आणि श्रोते पुरत होते. फाँट घडवणाऱ्याला गिऱ्हाईक लागते. हा वाद आम्ही फोनवर पंधरा दिवस घातला. अखेर दोघांनी एकाच पत्रात आपापले म्हणणे लिहिले, खाली दोघांच्या सह्या केल्या आणि धाडून दिले. गुरुजनांनी एकमुखाने सल्ला द्यावा असा संकेत आहे. पण ज्या प्रश्नाला दोन खरी उत्तरे आहेत त्याला एकच उत्तर देणे आम्हाला अप्रामाणिक वाटले.

तिने एका वर्षाचा करार स्वीकारला. वर्षाअखेरी काय, ते तिने लिहिले नाही. आम्ही विचारलेही नाही. वडिलांना तिने स्वतः फोन करून सांगितले की आता शनिवार-रविवार सुट्टी असते. दुकानातल्या नोकरीची गोष्ट त्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळली. ते लातूरला आले, बाईंकडे चहा घेतला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'गल्ल्यावर बसायचं तर हितं बी बसली असती, मॅडम.' राग होता, अभिमान होता की नुसतीच पोकळी होती, ते आम्हाला सांगता येणार नाही.

आमच्या त्या चार नावांच्या यादीत यंदा पाचवे नाव पडले आहे. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रातले दोन विद्यार्थी त्या तहसील कचेरीसमोरच्या दुकानात उमेदवारीसाठी जातात. तिथे जिल्ह्यातल्या जुन्या छोट्या प्रकाशनांच्या श्रीलिपीतल्या फायली पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायच्या, आणि रूपांतरात जी अक्षरे मोडतात त्यांची वहीत नोंद करायची. दुपारच्या जेवणाचा डबा दुकानमालकांच्या घरून येतो. जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे महाविद्यालयाने द्यावे असा अर्ज आम्ही केला आहे, त्यावर अजून निर्णय नाही. तोवर ते आम्ही दोघे देतो. मोडलेल्या अक्षरांची पहिली वही स्कॅन करून लंडनला गेली. उत्तर चार दिवसांनी आले. वही फार उपयोगाची आहे, असे होते, आणि विचारले होते की 'ळ्ह' खरेच कुठे वापरात आढळला का, की तो टंकाचाच दोष आहे. ते शोधण्याचे काम दोघांपैकी एका मुलीने आपल्याकडे घेतले आहे.